मुलींची टक्केवारी वाढली, पण कोणत्या मुलींची?

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञानातील महिला आणि मुलींच्या आंतरराष्ट्रीय दिनी, आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर त्याच पोस्ट फिरतात. मंगळयान यशस्वी झाल्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये गाजलेला तो रेशमी साड्या आणि गजऱ्यांचा फोटो, दोन-चार अभिमानाच्या ओळी आणि खाली एखादी टक्केवारी. आपल्या चळवळीच्या ग्रुपवरही या पोस्ट येतात. त्या फोटोबद्दल माझ्या मनात आकस नाही. तो बघून एखाद्या मुलीला शास्त्रज्ञ व्हावेसे वाटले असेल तर चांगलेच झाले. पण मी समाजशास्त्र शिकलेली बाई आहे. टक्केवारी दिसली की ती कुणाची आणि कोणत्या पायरीवरची, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आधी आकडे पाहू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. मुली पुढे! आता दुसरा आकडा घ्या. देशात संशोधनाच्या कामात असलेल्या संशोधकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण २०१८ च्या सरकारी आकडेवारीत १६.६ टक्के होते. वर्गात निम्म्याहून जास्त मुली, आणि संशोधकांत सहामागे एक. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत काय घडते, त्याबद्दल हा लेख आहे. आणि त्या सहामागे एक असलेल्या बाईची जात कोणती, हे कोणत्याच पोस्टवर छापलेले नसते, त्याबद्दलही.

मी मुंबईत मानखुर्द-गोवंडी पट्ट्यात काम करते. इथली आपली बहुतेक घरे मराठवाड्यातून आलेली, त्यांतली कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आलेली. माझे घर त्यांतलेच. दहावीनंतर मी विज्ञान घेतले. रसायनशास्त्र मला आवडायचे आणि बारावीला मार्कही बरे पडले. तरी पदवीला मी कला शाखेत गेले. याचे कारण वेळापत्रक. कला शाखेचे वर्ग सकाळी सातला सुरू होऊन साडेअकराला संपायचे. बी.एस्सी.ला सकाळी लेक्चर आणि दुपारी प्रॅक्टिकल, घरी यायला संध्याकाळ. वडील कंत्राटी कामावर होते, आई चार घरची धुणीभांडी करायची, आणि मी दुपारी एका दुकानात बिलिंगला बसायचे तेव्हा धाकट्या भावाची फी निघायची. प्रॅक्टिकलला बसायचे तर दुकान सोडावे लागणार होते. एवढा साधा हिशोब होता तो. पुढे एम.ए.ला बुर्दियो वाचताना ‘सांस्कृतिक भांडवल’ हा शब्द भेटला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी ते कॉलेजच्या फळ्यावर लावलेले वेळापत्रक आले. दुपार मोकळी असणे हेही भांडवलच आहे.

मला समाजशास्त्राने खूप दिले, म्हणून हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. पण ‘मुलींना विज्ञानाची आवड कमी’ असे कुणी म्हटले की मला त्या मुलीची दुपार कुठे जाते हे विचारावेसे वाटते. आज आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलींची दुपारही फारशी वेगळी नाही. फक्त बिलिंगच्या जागी मॉलमधले काउंटर आले आहे.

संगणकाकडे जाणाऱ्या मुलींची अडचण निराळी आहे. बी.एस्सी. आयटी, कॉम्प्युटर सायन्स हे अभ्यासक्रम आमच्या भागातल्या बहुतेक कॉलेजांत विनाअनुदानित चालतात. त्यांची फी साध्या बी.ए.-बी.एस्सी.च्या कितीतरी पट. शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे, पण कॉलेज म्हणते, आधी भरा, पैसे आले की परत देऊ. ज्या घरात आधी भरायला पैसे नाहीत तिथे हा नियम म्हणजे बंद दरवाजा. भाऊ आणि बहीण दोघेही शिकत असतील तर कर्ज भावाच्या फीसाठी निघते. लॅपटॉप एक असेल तर तो रात्री भावाकडे असतो, कारण बहिणीला भाकरी टाकायच्या असतात. हे सवर्णांच्या घरातले वर्णन नाही. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरातले आहे.

तरीही काही मुली पार जातात. आमच्याकडची एक मुलगी एम.एस्सी. झाली, रसायनशास्त्रातच. नेट पास झाली. पीएच.डी.च्या मुलाखतीला गेली तेव्हा तिला दोन प्रश्न विचारले गेले: लग्न कधी करणार, आणि प्रवेश कोणत्या कॅटेगरीतून मागताय? विषयावरचा प्रश्न तिसरा आला. प्रवेश मिळाला, पण फेलोशिपचे पैसे महिनोन् महिने आले नाहीत. प्रयोगासाठी लागणारी रसायने संपली की थांबायचे, घरभाडे थकले की गावी जायचे. आज ती दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते. तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. मी आमच्या भागातल्या कॉलेजांत जाते तेव्हा स्टाफरूममध्ये बायका भरपूर दिसतात. कायम किती आणि तासिकेवर किती, असे विचारले की आवाज खाली येतो.

इथे मला संगणकाचा इतिहास आठवतो, कारण त्यात हेच उलटे घडलेले दिसते. ‘कंप्युटर’ हे यंत्राचे नाव होण्याआधी हुद्द्याचे नाव होते. कागदावर आकडेमोड करणाऱ्या माणसाला कंप्युटर म्हणत, आणि अमेरिकेत ती माणसे बहुतेक बायका असत. काम किचकट, पगार कमी, मान नाही. १९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअॅक हे यंत्र जगाला दाखवले गेले, तेव्हा त्याचे प्रोग्रॅमिंग सहा तरुण स्त्रियांनी केले होते. यंत्र बांधणाऱ्या पुरुषांची नावे झाली, या सहा जणींची दखल घ्यायला कित्येक दशके जावी लागली. त्या काळी यंत्र बांधणे हे मोठे काम आणि प्रोग्रॅम लिहिणे हे कारकुनी काम समजले जाई. पुढे सॉफ्टवेअरमध्ये पैसा आला, प्रतिष्ठा आली. घरगुती संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकले गेले. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत ३७ टक्के स्त्रिया होत्या. २०१० नंतर ते प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आले. वैद्यक आणि कायद्याच्या शिक्षणात तिथल्या बायका पुढे जात असताना संगणकात मागे आल्या. तीस वर्षांत बायकांचा मेंदू बदलत नाही. कामाची किंमत बदलली, आणि किमतीबरोबर काम करणारे बदलले.

आपल्याला हे समजायला परदेशी पुस्तक लागू नये. जात कामांची वाटणी करून थांबत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. कोणते काम हलके आणि कोणते भारी हे कामावरून ठरत नाही, ते कुणाच्या हातात आहे यावरून ठरते. म्हणून विज्ञानातले स्त्री-पुरुष प्रमाण ‘आपोआप’ सुधारेल असे जो म्हणतो, त्याला श्रेणीबद्ध विषमता कळलेली नाही. कायम नोकरीची जागा तासिकेची झाली की ती बायकांना मोकळी होते, हे मी डोळ्यांनी बघते आहे. याला समतेकडे वाटचाल म्हणायचे का?

भारतात विज्ञानातल्या स्त्रीचा लढा सांगताना कमला सोहोनींचे नाव घेतले जाते, आणि घेतलेच पाहिजे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिली आलेली ही मुलगी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती मागे हटली नाही. मग अटी घालून, वर्षभर पारखून घेऊ या बोलीवर तिला आत घेतले. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. नोबेल मिळवलेल्या माणसाला आपल्या हट्टाने नमवणारी बाई मला आवडते. पण त्याच गोष्टीतला दुसरा तपशील कुणी मोठ्याने वाचत नाही. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्याच संस्थेत शिकलेले होते. दरवाजा अडवलेला होता हे खरे, पण दरवाजा कुठे आहे हे घरात माहीत होते. त्याच १९३३ साली आपल्या आज्यांना काय माहीत होते? सहा वर्षांपूर्वी महाडचे तळे झाले होते. पाणी पिण्याचा हक्क मागत असलेल्या समाजाच्या लेकीला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचायलाच दोन पिढ्या कमी पडल्या. दोघींना ‘स्त्री’ या एकाच रकान्यात मोजले, की हा फरक पुसला जातो.

मग काय बदलते? नियम बदलतो. याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आयआयटीचे आहे. तिथे बी.टेक.ला मुली आठ-नऊ टक्क्यांच्या घरात अडकलेल्या होत्या. वर्षानुवर्षे ‘मुलींना प्रोत्साहन द्या’ अशी भाषणे झाली, आकडा हलला नाही. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या. आधी १४ टक्के, मग १७, मग २० टक्क्यांचे उद्दिष्ट. मुलग्यांच्या जागा कमी न करता. प्रवेश परीक्षा तीच. आणि दोन-तीन वर्षांत आयआयटीच्या वर्गांत पाचात एक मुलगी दिसू लागली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या जागा सरसकट ‘मुली’ म्हणून दिलेल्या नाहीत. खुला, ओबीसी, एससी, एसटी अशा प्रत्येक प्रवर्गात मुलींच्या वेगळ्या जागा आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत महिलांचे ३० टक्के समांतर आरक्षण चालते, त्याच्याच जातीचा हा विचार. आपल्यातले काही कार्यकर्ते ‘महिलांच्या सवलती म्हणजे सवर्ण बायकांची सोय’ असे म्हणून विषय झटकतात. नियम प्रवर्गनिहाय केला तर तसे होत नाही, हे इथे सिद्ध झाले आहे. उभे आरक्षण आणि आडवे आरक्षण एकमेकांचे शत्रू नाहीत. दोन्ही मिळूनच आपल्या मुलीचा हक्क पुरा होतो.

पण याच आयआयटीची दुसरी बाजू पाहा. २०१८ साली मुलींसाठी जागा वाढल्या. २०२० साली आयआयटीच्या संचालकांचा समावेश असलेल्या समितीने सरकारला शिफारस केली, की शिक्षकभरतीतल्या आरक्षणातून आम्हाला सूट द्या. म्हणजे विद्यार्थिनी चालतील, पण फळ्याजवळ उभा राहणारा कोण असावा हे आम्हीच ठरवू. मुलींच्या जागा वाढवताना गुणवत्ता बुडाली नाही, मग एससी-एसटी प्राध्यापक घेताना ती कशी बुडते? याचे उत्तर आजपर्यंत कुणी दिलेले नाही.

ही सूट मागण्याची परंपरा जुनी आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातच असे म्हटले गेले, की अणुविज्ञान, अवकाश, संशोधन संस्थांतील तांत्रिक पदे, प्राध्यापकपदे अशा काही जागांवर आरक्षण ठेवणे योग्य ठरणार नाही. २००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्थांच्या प्रवेश आरक्षण कायद्यात एक परिशिष्ट जोडले गेले. त्यात कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र आहे, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. या संस्थांना विद्यार्थी प्रवेशातल्या आरक्षणातून सूट. २०१९ साली शिक्षक संवर्गातल्या आरक्षणाचा कायदा आला, त्यातही या संस्था पुन्हा वगळल्या. आता या संस्थांत महिला दिन साजरा होतो, महिला शास्त्रज्ञांची व्याख्याने होतात, स्त्रियांचे प्रमाण वाढावे म्हणून चर्चा होतात. ते प्रमाण उद्या ५० टक्के झाले तरी आपली मुलगी त्यात असेलच असा एकही नियम तिथे नाही.

आमच्या वस्तीतून सायन-पनवेल महामार्ग ओलांडला की अणुशक्तीनगर लागते. होमी भाभा राष्ट्रीय संस्था तिथेच आहे, पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. चालत जाण्याइतके अंतर. वस्तीतल्या बाया तिकडे घरकामाला जातात. ज्या मुलीची आई शास्त्रज्ञाच्या घरची फरशी पुसते, तिला शास्त्रज्ञ म्हणजे काय हे माहीत नसते असे समजू नका. चांगले माहीत असते. तिने शास्त्रज्ञाचे पुस्तकांचे कपाट पाहिलेले असते. तिला तिकडे जाण्याचा रस्ता कोणी सांगितलेला नसतो, इतकेच.

आणि आत गेल्यावर काय? २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली, घराण्यातली पहिली डॉक्टर, पदव्युत्तर शिक्षण घेत असलेली. जातीवरून छळ केल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे त्या तिघी तिच्या वरिष्ठ महिला डॉक्टर आहेत. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण ‘स्त्रिया वाढल्या की वातावरण आपोआप सुरक्षित होते’ असे ज्यांना वाटते त्यांनी हे नाव विसरू नये. प्रमाण बदलणे आणि जात जाणे या दोन वेगळ्या लढाया आहेत.

बाबासाहेबांनी या दोन लढाया कधी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, तेव्हा त्यांनी ठामपणे त्याची बाजू घेतली. गिरणीतल्या बाईचे बाळंतपण ही तिची खाजगी अडचण नाही, समाजाने आणि मालकाने तिचा भार उचलला पाहिजे, हा तो विचार. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा आली. मधे ८८ वर्षे गेली. ही रजा आहे हे आपल्या किती संशोधक मुलींना माहीत आहे? मी विचारते तेव्हा बहुतेक जणी ‘गाइडला कसे विचारायचे?’ असे म्हणतात. केंद्राच्या विज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली. संसारामुळे करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी ती चांगली होती. पण खंड पडायला आधी करिअर सुरू व्हावे लागते. आमच्या मुली त्याच्या तीन पायऱ्या आधीच थांबतात.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना माझे काही सांगणे आहे.

पहिले, मोजणी मागा. मुली किती हा प्रश्न अपुरा आहे. पदवी, पीएच.डी., सहायक प्राध्यापक, प्राध्यापक या प्रत्येक पायरीवर कोणत्या प्रवर्गातल्या किती स्त्रिया, कायम किती आणि कंत्राटी किती, हे विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आयआयटी मुंबईतल्या आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलच्या मुलांनी अशाच अर्जांतून पीएच.डी. प्रवेशांचे आकडे बाहेर काढले आणि देशाला त्यावर बोलावे लागले. हे काम तुमच्या जिल्ह्यातल्या विद्यापीठातही होऊ शकते.

दुसरे, २००६ आणि २०१९ च्या कायद्यांतली ती परिशिष्टे रद्द करा ही मागणी आपल्या निवेदनांत यायला हवी. जयंतीच्या स्टेजवरून आपण राजकीय आरक्षणावर तासभर बोलतो. प्रयोगशाळेच्या दारावर कधी बोलतो?

तिसरे आपल्या घरचे. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असते आणि मुली सातला घरी जातात, कारण गल्लीत दिवा नाही आणि आईला मदत हवी असते. दोन कार्यकर्त्यांनी मुलींना घरापर्यंत सोडायची पाळी लावली की हा प्रश्न सुटतो. आम्ही हे करून पाहिले आहे. मुलग्यांनी घरी भाकरी शिकावी, त्यासाठी कोणत्याही आयोगाची परवानगी लागत नाही. आणि विज्ञान शिकलेल्या आपल्या प्रत्येक ताई-दादाने वर्षातून चार रविवार विहारात येऊन सांगावे: नेट म्हणजे काय, गेट म्हणजे काय, गाइड कसा निवडायचा, फेलोशिपचा अर्ज कधी करायचा, छळ झाला तर तक्रार कुठे करायची. कमला सोहोनींना जे घरात बसल्या जागी मिळाले, ते आपल्या मुलीला विहारात मिळाले पाहिजे.

या जूनमध्ये आमच्या अभ्यासिकेतल्या चार मुली अकरावी विज्ञानाला गेल्या. दोघींच्या घरी दुपारच्या कमाईचा प्रश्न आहेच. वस्तीतल्या नोकरदारांकडून दरमहा थोडे थोडे गोळा करून त्यांची दुपार मोकळी ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी कोण कुठे असेल ते आत्ता सांगता येणार नाही. पण त्या प्रॅक्टिकलला बसतील, एवढे आमच्या हातात आहे.

जय भीम.